प्लायचं पोर्ट्रेट फ्रेममध्ये पुन्हा पुन्हा फुगतं: नागपूरच्या हवेत त्याचं कारण आणि इलाज

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बहिणीचा फोन आला. "दादा, बाबांच्या फोटोचं पोट समोर निघून आलं नं रे. मिशी काचेला टेकली."

बाबा म्हणजे तिचे सासरे. एप्रिलअखेर शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा मी स्क्रोल सॉवर, म्हणजे बारीक ब्लेडच्या यांत्रिक करवतीवर, प्लायमध्ये त्यांचं पोर्ट्रेट कापून, सागवानी चौकटीत बसवून भेट दिलं होतं. दिलं त्या दिवशी ते पाण्यासारखं सपाट होतं. गच्चीवरच्या खोलीत पंधरा दिवस खपून केलेलं काम, आणि दोन आठवड्यांत मधोमध पाच-सहा मिलिमीटरचा फुगवटा.

मी ते घरी आणलं, वजनाखाली ठेवलं, सपाट झालं, मागून पॉलिशचा एक हात मारला, परत नेऊन दिलं. जुलैत पुन्हा तेच. पुन्हा आणलं, पुन्हा दाबलं. पुढच्या उन्हाळ्यात तिसऱ्यांदा. तोवर आणखी दोघांच्या घरी गेलेली पोर्ट्रेटं अशीच परत आली होती, पण त्यातलं एक उलट्या बाजूला वाकलेलं होतं. तिथे मी दाबून सपाट करणं थांबवलं आणि ते कशामुळे वाकतंय हे शोधायला बसलो.

जे सापडलं ते असं. फुगवटा दिसायला एकच असला तरी त्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि अनेकदा दोन कारणं एकत्र असतात. त्यातलं एक दुरुस्त केलं की काही दिवस बरं वाटतं, मग दुसरं वर येतं. माझं बहिणीकडचं काम तीनदा परत आलं ते याचमुळे. मी मागून पॉलिश मारलं हे बरोबर होतं, पण चौकट तेवढीच घट्ट ठेवली होती.

आधी हवेबद्दल

लाकूड हवेतली ओल पितं आणि सोडतं. प्लायही तेच करतो. हवेत २० टक्के आर्द्रता असेल तर लाकडात साधारण ४-५ टक्के ओल उरते. ६५-७० टक्क्यांच्या हवेत ती १२-१३ वर जाते, आणि पावसाळ्यातल्या ८०-८५ टक्क्यांच्या हवेत १६-१७ पर्यंत. हे सगळीकडे सारखंच. नागपूरची गोष्ट अशी की इथे एका वर्षात ही दोन्ही टोकं येतात, आणि मे महिन्यात तर एकाच घराच्या दोन खोल्यांत येतात.

हे मला साध्या आर्द्रतामापकाने दाखवलं. घड्याळासारखं छोटं यंत्र असतं, हे काम करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावं. मे महिन्यात दुपारी तीन वाजता माझ्या गच्चीवरच्या खोलीत त्याचा आकडा होता १८. त्याच दिवशी संध्याकाळी बहिणीच्या दिवाणखान्यात, कूलर सुरू असताना, ६७. बाहेर रस्ता तापलेला, लू चाललेली, आणि घरात भिंतीवरच्या लाकडासाठी मात्र श्रावण. आपल्याकडे पाऊस जूनच्या मध्यावर येतो, पण लाकडाचा पावसाळा एप्रिलमध्ये, कूलरचं गवत बदललं की सुरू होतो. पुण्या-मुंबईच्या लोकांनी लिहिलेल्या सूचना वाचून मी "पावसाळ्यात जपा" एवढंच धरून बसलो होतो. बाबांचं पोर्ट्रेट कूलरच्या थेट समोरच्या भिंतीवर होतं.

मिशी काचेला का टेकली

आता मूळ दुखणं. पोर्ट्रेट ३०० मिलिमीटर रुंद होतं. चौकटीच्या आतल्या खाचेचं, म्हणजे पतामाचं माप मी बरोब्बर ३०० ठेवलं होतं. प्लाय बसवताना तो हलका दाबून आत घालावा लागला आणि मला त्याचं समाधान वाटलं होतं: किती चोख बसलं!

चूक तिथेच होती. प्लायमध्ये थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे तो फळीएवढा वाढत नाही, पण थोडा वाढतोच. समजा ३०० मिलिमीटरमागे फक्त पाव मिलिमीटर वाढला. कडेला जायला जागा नसेल, तर ती पाव मिलिमीटरची वाढ मधोमध पाच मिलिमीटरहून जास्त फुगवटा देते. कोणाला खोटं वाटत असेल तर स्टीलची एक फुटाची पट्टी दोन तळहातांत आडवी धरा आणि हात अगदी केसभर जवळ आणा. पट्टी टचकन कमानीसारखी उभी राहते. हात किती सरकले ते दिसतसुद्धा नाही.

आणि चौकट काही त्याच्यासोबत वाढत नाही. सागवानाची पट्टी ओलीने रुंदीत थोडीफार वाढते, लांबीत जवळपास नाहीच. चौकटीचं आतलं माप लांबीवर ठरतं. म्हणजे प्लाय वाढतोय, चौकट जागची हलत नाही, मागे एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची, पाठ टेकवलेली आहे, त्यामुळे मागे जाता येत नाही. उरली एकच दिशा, पुढची.

पोर्ट्रेटमध्ये यात आणखी एक गोष्ट असते, जी साध्या प्लायच्या तुकड्यात नसते. फोटोत उजेड एका बाजूने असतो. सावलीची बाजू आपण कापून काढतो, तिथून मागचा काळा रंग दिसतो. उजेडाची बाजू लाकूड म्हणून राहते. म्हणजे चेहऱ्याचा एक अर्धा भाग भरीव आणि दुसरा जाळीसारखा. फुगवटा नेहमी जाळीच्या बाजूला झुकतो. बाबांची मिशी पांढरी, म्हणून ती लाकडात राहिली होती, आणि नाकाखालच्या सावलीने तिला गालापासून जवळजवळ तोडलं होतं. दोन अरुंद दुव्यांवर, म्हणजे न कापता सोडलेल्या लाकडाच्या पट्ट्यांवर, लटकलेली मिशी सगळ्यात आधी पुढे येणारच होती.

घरच्या घरी तपासणी

पोर्ट्रेट परत आलं की लगेच वजनाखाली घालू नका. दाबलं की पुरावा जातो. आधी चौकटीत असतानाच स्टीलची पट्टी आडवी, उभी आणि दोन्ही कर्णांवर टेकवून बघा, आणि फुगवटा कुठे आहे ते कागदावर लिहून ठेवा. मग मागच्या खिळ्या काढून पोर्ट्रेट बाहेर घ्या आणि स्वयंपाकघराच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर मोकळं ठेवा. दहा मिनिटं थांबा.

ओट्यावर ते आपोआप सपाट पडलं तर दोष चौकटीचा. प्लाय चांगला आहे, त्याला जागा दिली की काम झालं.

सपाट पडलं नाही, बाक तसाच राहिला, तर बाकाची दिशा बघा. हे मी फार उशिरा शिकलो. मधला भाग बघणाऱ्याकडे आलाय की कडा बघणाऱ्याकडे आल्यात? आपण बहुतेकजण पुढच्या बाजूला पॉलिशचे तीन-चार हात देतो आणि मागची बाजू कोरी सोडतो, कारण ती दिसत नाही. कोरी बाजू भराभर ओल पिते आणि भराभर सोडते. पॉलिशची बाजू सावकाश. मागची बाजू ओल प्यायली की ती लांब होते, पोट मागे जातं आणि कडा पुढे येतात. मागची बाजू वाळली की ती आखडते आणि पोट पुढे येतं.

म्हणजे कडा पुढे आल्या असतील तर काम कोरड्या हवेत झालंय आणि आता ते ओलीत लटकलंय. पोट पुढे असेल तर काम ओलीत झालंय आणि आता ते वाळतंय. मी उलट्या बाजूला वाकलेलं एक पोर्ट्रेट सांगितलं ना, ते याने उलगडलं. माझ्याकडे बाबासाहेबांच्या पोर्ट्रेटला दसऱ्याच्या आसपास सगळ्यात जास्त मागणी असते. १४ ऑक्टोबर १९५६ ला अशोक विजयादशमीच्या दिवशी दीक्षाभूमीवर धम्मदीक्षा झाली, तो दिवस जवळ आला की घरी लावायला, कोणाला भेट द्यायला लोक मागतात. ती सगळी पोर्ट्रेटं मी ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट हवेत कापत होतो. थंडी जाऊन फेब्रुवारी-मार्चची कोरडी हवा लागली की त्यांची पाठ आखडायची आणि चेहरा पुढे यायचा. एप्रिलमध्ये दिलेल्या पोर्ट्रेटांचं बरोबर उलट. मोकळं ठेवल्यावरही ज्यांच्या कडा वर राहत, ती एप्रिलची. ज्यांचं पोट वर राहत असे, ती सप्टेंबरची.

तिसरी शक्यता पिळाची. ओट्यावर ठेवल्यावर समोरासमोरचे दोन कोपरे टेकतात आणि उरलेले दोन डुगडुगतात. एका कोपऱ्यावर बोट दाबलं की दुसरा उठतो. हा दोष प्लायच्या पोटातला असतो: मधला थर तिरका बसलेला, किंवा आत एकावर एक चढलेला, किंवा कुठे पोकळ राहिलेला. याला इलाज नाही. मी यावर खूप दिवस घालवले आहेत, म्हणून मनापासून सांगतो, दुसऱ्या प्लायवर पुन्हा कापा. ज्यांना भेट द्यायची आहे त्यांच्या भिंतीवर पीळ बसलेला चेहरा राहू देऊ नका.

आणि पोर्ट्रेट काळ्या पाठीवर सगळीकडून फेविकॉलने चिकटवलेलं असेल तर ते वेगळं काढून तपासताच येणार नाही. पांढऱ्या फेविकॉलमध्ये पाणी असतं. ते लाकडाच्या एकाच अंगाला लागतं, ते अंग फुगतं, आणि फुगलेल्या अवस्थेतच चिकटून बसतं. मग वाळताना ओढ सुरू होते. अशी दोन कामं मी सोडवायचा प्रयत्न केला, दोन्हींत नाकाचे दुवे तुटले. त्यामुळे तिथे एकच सांगणं: पुन्हा कापा, आणि या वेळी पूर्ण चिकटवू नका.

फुगलेलं पोर्ट्रेट सरळ करणं

बाक फार नसेल आणि पीळ नसेल तर हे जमतं. मात्र घाई केली तर मोडतं.

बाकाची आतली, खोलगट बाजू आखूड झालेली असते. तिला थोडी ओल द्यायची. इस्त्रीला वापरतात तसा फवारा घ्या, एक हात अंतरावरून फक्त एकदा धुक्यासारखा सोडा. लाकूड चमकायला नको, नुसतं गार लागलं पाहिजे. त्या बाजूला पॉलिश असेल तर पाणी आत जाणार नाही. आधी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने ते हलक्या हाताने उतरवा. जाळीच्या भागावर पेपर फिरवताना बोटाने दाबू नका. लाकडाच्या सपाट ठोकळ्याला पेपर गुंडाळा आणि भरीव भागाकडून जाळीकडे जा. जाळीकडून भरीव भागाकडे आलं की पेपराची कड दुव्यात अडकते. माझ्या हातून एका आजीच्या कपाळावरची बट अशीच गेली.

मग खाली जाड प्लाय, त्यावर कोरडं वर्तमानपत्र, पोर्ट्रेट, पुन्हा वर्तमानपत्र, वर जाड प्लाय, आणि त्यावर वजन. पाच किलोच्या गव्हाच्या दोन पिशव्या पुरतात. पहिल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ कागद बदला, दुसऱ्या दिवशी एकदा. तिसऱ्या दिवशी वजन काढून पोर्ट्रेट उभं, दोन्ही अंगांना हवा लागेल असं, चोवीस तास ठेवा. इथे ते पुन्हा वाकलं तर पुन्हा करा. नाही वाकलं तर त्याच दिवशी दोन्ही बाजू बंद करा. सपाट झालं म्हणून आठ दिवस तसंच कोरं ठेवलं तर हवा पुन्हा आपलं काम करते.

वाळवायला ऊन दाखवू नका. आपल्याकडे पापड-कुरडयांपासून गादीपर्यंत सगळं गच्चीवर जातं, हात आपोआप तिकडे वळतो. मेच्या उन्हात चार मिलिमीटरचा प्लाय वरच्या अंगाने अर्ध्या तासात वळतो, आणि ते वळण काढायला पुन्हा तीन दिवस जातात.

दोन्ही बाजू सारख्या

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट ही: पुढे जेवढे हात, मागे तेवढेच हात, आणि तेच पॉलिश. मागे नुसता एक हात मारून भागत नाही. कापलेल्या छिद्रांच्या आतल्या कडाही बंद झाल्या पाहिजेत, कारण पोर्ट्रेटमध्ये कडांची एकूण लांबी खूप असते आणि ओल तिथूनच जास्त शिरते.

मी लाखेचं पॉलिश वापरतो. ओलीची वाफ अडवण्यात लाख फार चांगली आहे, आणि ती आपल्या भागातली वस्तू आहे. पळसाच्या झाडावर तिचा किडा पोसला जातो आणि पळस विदर्भात कुठे नाही? एक लिटर पॉलिशच्या स्पिरिटात साधारण २०० ग्रॅम लाख रात्रभर भिजवायची, सकाळी सुती कापडातून गाळायची. जाळीच्या कामाला ब्रश लावला तर कोपऱ्यांत पॉलिश साचतं. त्यामुळे मी पसरट ट्रेमध्ये पॉलिश ओतून पोर्ट्रेट एका कडेने बुडवतो, दोन-चार सेकंदांत बाहेर काढून उभं निथळू देतो, आणि साचलेले थेंब कोरड्या ब्रशच्या टोकाने उचलतो. यात पुढचं, मागचं, आतल्या कडा, सगळं एकाच वेळी सारखं बंद होतं. एक तासाने ४०० नंबरचा पेपर अलगद फिरवून दुसऱ्यांदा. दोनदा बुडवलं की पुरतं. स्पिरिट पेट घेतं, त्यामुळे हे काम खिडक्या उघड्या ठेवून, गॅस आणि देवापुढचा दिवा यांच्यापासून लांब करा.

पाऊस सुरू असताना मात्र लाख लावू नका. दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर ओल बसते आणि पांढुरका डाग पडतो. पावसाळ्यात दिवस बघून, दुपारी, किंवा एसीच्या खोलीत.

चौकटीत बसवताना

चौकटीच्या पतामाचं माप पोर्ट्रेटपेक्षा प्रत्येक बाजूला दीड ते दोन मिलिमीटर मोठं ठेवा. ३०० च्या पोर्ट्रेटला ३०४ धरा. समोरून चौकटीची कड पाच-सहा मिलिमीटर आत येते, त्यामुळे ही फट कोणालाही दिसत नाही. पोर्ट्रेटला स्वतःची भरीव पट्टी चारही बाजूंनी किमान २० मिलिमीटर असावी. चित्र अगदी कडेपर्यंत कापलेलं असेल तर ते चौकटीत धरायलाच जागा राहत नाही.

चौकटवाल्याकडून करून घेत असाल तर त्याला हे स्पष्ट सांगा, आणि कागदावर लिहून द्या. "भाऊ, घट्ट नको, ढिलं पायजे" असं म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य दिसतं, कारण त्याची सगळी कारागिरी घट्ट बसवण्यात आहे. कारण सांगितलं की मानतो. लाकूडकाम करणाऱ्याला लाकूड हलतं हे सांगावं लागत नाही. प्लायही हलतो एवढंच सांगावं लागतं.

काळी पाठ वेगळी. मी ६ मिलिमीटरचा प्लाय घेतो, दोन्ही बाजूंनी काळा रंग देतो. तीन मिलिमीटरचा एमडीएफ कोरा वापरला की तो पोर्ट्रेटच्याही आधी वाकतो आणि दोष पोर्ट्रेटवर येतो. माझ्याकडे एकदा असंच झालं होतं. पोर्ट्रेट पाठीला फक्त मधल्या भागात चार-पाच ठिपक्यांनी चिकटवा, तेही पाणी नसलेल्या चिकटद्रव्याने. रबर सोल्यूशन किंवा सिलिकॉनचे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके पुरे. मधून धरलं की वाढ चारही बाजूंना सारखी जाते, आणि कडा फटीत मोकळ्या सरकतात. मिशी, बट, कानाची पाळ अशा लटकलेल्या भागांखाली एकेक ठिपका जरूर द्या. बाबांच्या मिशीखाली आता दोन आहेत.

काच लावायची असेल तर काच आणि पोर्ट्रेट यांच्यामध्ये पाच मिलिमीटरची पट्टी चारही बाजूंनी टाका. काच थेट लाकडावर टेकली की पावसाळ्यात मधल्या ओलीने पॉलिशचा पट्टा उमटतो. खरं तर मी हल्ली काच लावतच नाही. लाकडाचे थर, कडेवरची खोली, सावली, हे सगळं काचेमागे मरतं. धूळ बसते हे खरं, पण मऊ ब्रशने ती जाते.

मागच्या खिळ्या पोर्ट्रेटवर ठोकू नका. त्या पाठीच्या प्लायला धरतील एवढ्याच ठेवा, आणि पाठ व पोर्ट्रेट यांना पतामात थोडं हलता आलं पाहिजे. हलवून बघा. हातात घेऊन चौकट हळूच हलवली तर अगदी बारीक टक्‌टक् ऐकू यावी. आधी मला तो आवाज दोषाचा वाटायचा.

कापण्याआधीच टाळता येतं ते

प्लाय आणायला मी लकडगंजला जातो. तिथे पूर्ण शीटचा आग्रह धरण्यापेक्षा उरलेले तुकडे बघू द्या म्हणावं. पोर्ट्रेटला दीड फूट बाय दीड फूट पुरतो आणि निवडायला वाव मिळतो. बर्च झाडाच्या लाकडाचा प्लाय मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर आयएस ३०३ चा शिक्का असलेला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्यालाही दाद न देणारा प्लाय घ्या. चार मिलिमीटरमध्ये तीनच थर असतात, त्यामुळे एक थर खराब असला की सगळं बिघडतं. सहा मिलिमीटरमध्ये पाच थर मिळतात आणि बाक फार कमी येतो, पण बारीक वळणं कापायला वेळ लागतो. चेहरा मोठा असेल, १२ इंचांच्या वर, तर मी आता सहाच घेतो.

तुकडा डोळ्यासमोर आडवा धरून कडेवरून नजर टाका. मग चारही कडांवर मधला थर तपासा: काळी पोकळी दिसली तर परत ठेवा. बोटाने टिचक्या मारत जा, कुठे आवाज पोकळ झाला तर आत थर सुटलेला आहे. दुकानदार थांबतो, घाई करू नका.

आणलेला प्लाय लगेच कापू नका. जिथे काम करणार तिथे आठवडाभर आडवा, पट्ट्यांवर ठेवून, दोन्ही अंगांना हवा लागू द्या. भिंतीला तिरका टेकवून ठेवला की बाक तिथेच धरतो. शक्य असेल तर ज्या खोलीत पोर्ट्रेट लागणार आहे तशा हवेत हा आठवडा जाऊ द्या. मी आता उन्हाळ्याची कामं गच्चीवर न करता खालच्या, कूलरच्या खोलीत करतो. आकडा ५० च्या आसपास असेल तेव्हा कापलेलं काम दोन्ही टोकांपासून सारखंच लांब राहतं. आपल्याकडे तसे दिवस ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत मिळतात. भेट उन्हाळ्यात द्यायची असली तरी कापून, बंद करून ठेवायला हाच काळ बरा.

नक्षीचा कागद लाकडावर फेविकॉलने चिकटवणं बंद करा. तिथूनच बाकाला सुरुवात होते, एकच अंग भिजतं. आधी लाकडावर मास्किंग टेप, टेपवर स्प्रेचा गोंद, त्यावर कागद. काम झालं की टेप ओढली की कागद सुटतो, लाकूड कोरडंच राहतं.

दुव्यांबद्दल. काळा भाग कापून काढला की त्याच्या आत असलेलं लाकूड सुटं होऊन पडतं, म्हणून त्याला कुठेतरी जोडून ठेवावं लागतं. बाबासाहेबांचा चष्मा हे याचं सगळ्यात अवघड उदाहरण. चष्म्याची काळी गोल कड म्हणजे पूर्ण वर्तुळ. ते पूर्ण कापलं तर आतला डोळा, भिंग, सगळं बाहेर येईल. म्हणून प्रत्येक वर्तुळाला दोन जागी दुवा सोडायचा, एक नाकाच्या बाजूला आणि एक कानाच्या. चार मिलिमीटरच्या प्लायमध्ये दुवा अडीच मिलिमीटरपेक्षा अरुंद ठेवू नका. प्लायच्या वरच्या थराच्या रेषा ज्या दिशेने जातात त्याच दिशेने दुवा गेला तर तो मजबूत. आडवा गेला तर ठिसूळ, आणि लाकूड आखडलं की सगळ्यात आधी तोच चिरतो. म्हणून नक्षी लावण्याआधीच ठरवा, चष्म्याचे दुवे आडवे आहेत तर रेषाही आडव्या ठेवा. चेहऱ्याला उभ्या रेषा शोभतात असं बरेचजण म्हणतात. चष्मा नसेल तर ठेवाव्यात.

ब्लेड २ किंवा ३ नंबरचं, उलट्या दातांचं. त्याने खालच्या अंगाला कूस, म्हणजे लाकडाची बारीक तुसं, कमी निघते. डोळे आधी, मग नाक-तोंड, मग केस, आणि सगळ्यात मोठे तुकडे शेवटी. दोन प्लाय एकावर एक टेपने बांधून कापले तर एक भेटीला आणि एक आपल्याजवळ राहतं, शिवाय वरच्या प्लायच्या मागे कूस निघत नाही.

भिंतीवर

कूलरच्या झोतात नको, आणि बाहेरच्या भिंतीवर तर नकोच नको. पावसाळ्यात बाहेरची भिंत आतून थंड आणि ओली असते. चौकटीच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे पाच-सहा मिलिमीटरचे काप चिकटवले की भिंत आणि चौकट यांच्यात हवा खेळते. हे इतकं छोटं काम आहे, पण पाठीची ओल निम्म्याने कमी झाल्यासारखी वाटते. बुचं लावल्यापासून पाठीवर बुरशीचे ठिपके आलेले मी पाहिले नाहीत.

बाबांचं पोर्ट्रेट चौथ्यांदा नेऊन दिलं तेव्हा आतल्या भिंतीवर, देवघराच्या दाराशेजारी लावलं. चौकट नव्याने कापली, ३०४ ची. त्यांनी स्वतः स्टूल धरलं. मी पाठीवर एक चिठ्ठी चिकटवली आहे: ही चौकट हलवली तर आवाज येतो, तो येऊ द्यावा, घट्ट करू नये. त्यानंतर दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे गेले. बहीण दर मे महिन्यात चौकटीवर स्टीलची पट्टी टेकवून त्याचा फोटो मला पाठवते. पट्टीखाली उजेड दिसत नाही.